पूर ओसरल्यावर वकील कशाला?

एकाच गल्लीतली दोन घरं धरा. पुराचं पाणी दोन्हीकडे छातीपर्यंत चढलं. भांडीकुंडी, धान्य, अंथरूण-पांघरूण सगळं चिखलात गेलं. महिन्या-दीड महिन्यात पहिल्या घराच्या खात्यावर सरकारी मदत जमा झाली. दुसऱ्या घरातला माणूस मात्र वर्ष उलटलं तरी तहसील कार्यालयाच्या पायऱ्या झिजवतो आहे. पाऊस तोच, नुकसान तेवढंच आणि शासन निर्णयही एकच. मग फरक पडला कुठे?

पूर पाहिलेल्या कुठल्याही गावात हा प्रश्न विचारा, उत्तर बहुधा एका शब्दात मिळेल : वशिला. वशिला असतोही. पण पुष्कळदा कारण त्याहून साधं असतं. पहिल्या घरातले कागद एकमेकांशी जुळत होते. दुसऱ्या घराची नोंद अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर होती, आधार कार्डावर नावाचं स्पेलिंग वेगळं होतं आणि बँकेचं खातं वापराविना बंद पडलं होतं.

असे न जुळणारे कागद जुळवून द्यायला आपत्तीनंतर छावणीत, शाळेच्या वर्गात, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर काही वकील येऊन बसतात. ते फी घेत नाहीत. त्यांच्या कामाचा मोठा भाग कोर्टाबाहेरच होतो. ते नेमकं काय करतात आणि हे मोफत कसं असतं, ते पाहू.

मदत सुटते, पण पोचत का नाही?

धरणातून पाण्याचं आवर्तन सुटलं की बातमी येते, पण टेलच्या शेतकऱ्याच्या रानात पाणी पोचेलच असं नसतं. मध्ये कुठे चारी फुटलेली असते, कुठे गाळ साचलेला असतो. टेलचा माणूस धरणाच्या नावाने बोटं मोडतो, पण अडथळा असतो वाटेत. त्यासाठी कुणीतरी पाटाच्या कडेने चालत जाऊन पाणी कुठे अडलं ते पाहावं लागतं. आपत्तीनंतरच्या मदतीचंही असंच आहे, आणि स्वयंसेवक वकील म्हणजे पाटाच्या कडेने चालणारा तो माणूस.

धरणात पाणी किती, ते आधी पाहू. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे, म्हणजे केंद्राने घालून दिलेले, २०२२ ते २०२६ या काळासाठीचे निकष असे होते : मृताच्या वारसांना ४ लाख रुपये; पूर्ण पडलेल्या घरासाठी सपाट प्रदेशात १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार; दुभती गाय किंवा म्हैस दगावली तर ३७ हजार ५००, ओढकाम करणारा बैल गेला तर ३२ हजार; आणि ३३ टक्के किंवा जास्त पीक गेलं तर कोरडवाहू शेतीला हेक्टरी ८ हजार ५००, बागायतीला १७ हजार. राज्य सरकार यावर स्वतःची भर घालू शकतं आणि अनेकदा घालतं.

आता वाट पाहू. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक पंचनामा करतात. त्यावरून याद्या तयार होतात. यादीतल्या नावाची आधारशी पडताळणी होते, म्हणजे ई-केवायसी. मग आधारशी जोडलेल्या बँक खात्यात पैसे जमा होतात. यातली एक पायरी जरी निसटली तरी पुढचं सगळं थांबतं. पंचनाम्याच्या दिवशी घरचे नातेवाइकांकडे गेले असतील तर नाव यादीतच येत नाही. सातबारा सामायिक असेल तर इतर खातेदारांचं संमतीपत्र लागतं, आणि त्यातला एक भाऊ मुंबईत, दुसरा सुरतेत असतो. जनावर वाहून गेलं तर शवविच्छेदनाचा दाखला आणायचा कुठून? घराच्या बाबतीत तर निकषातच अट आहे : पडलेलं घर अधिकृत बांधकाम असल्याचं सक्षम अधिकाऱ्याने प्रमाणित केलेलं असावं. गावठाणाबाहेर पिढ्यानपिढ्या राहणाऱ्यांपैकी कितीजणांकडे तसा कागद असतो?

मोफत कुणाला? आपत्तीग्रस्त प्रत्येकाला

'मोफत वकील' म्हटलं की दारिद्र्यरेषेखालच्या दाखल्याची आठवण होते. इथे तो लागत नाही.

राज्यघटनेत १९७६ साली ४२ व्या दुरुस्तीने ३९-अ हा अनुच्छेद आला. पैशाअभावी कुणी न्यायाला मुकू नये यासाठी राज्याने मोफत कायदेशीर मदत द्यावी, असं तो सांगतो. त्याला हातपाय मिळाले ते विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ मुळे. हा कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला, म्हणून ९ नोव्हेंबर हा विधी सेवा दिन.

या कायद्याचं बारावं कलम मोफत मदतीला कोण पात्र ते सांगतं. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग, कामगार, कोठडीतल्या व्यक्ती यांच्याबरोबर त्यात आणखी एक गट आहे : सामूहिक आपत्ती, वांशिक हिंसाचार, जातीय अत्याचार, पूर, दुष्काळ, भूकंप किंवा औद्योगिक दुर्घटना यांमुळे स्वतःचा दोष नसताना हलाखीत सापडलेली माणसं. उत्पन्नाची मर्यादा यांपैकी कुणालाही नाही. ती आहे ती बाकीच्या गरजूंसाठी. म्हणजे काल दुकानदार असलेला, आज गाळ उपसणारा माणूसही पात्र. अशा मदतीत वकिलाची फी, कोर्ट फी, अर्ज-दावे लिहिण्याचा आणि नकला काढण्याचा खर्च येतो.

यंत्रणा चार पायऱ्यांची आहे : देशपातळीवर राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण अर्थात 'नालसा', मग राज्य प्राधिकरण, जिल्ह्यात जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालचं जिल्हा प्राधिकरण आणि तालुक्यात विधी सेवा समिती. तालुक्याच्या कोर्टाच्या आवारातच तिचं कार्यालय असतं. १५१०० हा देशभरचा मदत क्रमांक आहे.

नालसाने २०१० मध्ये आपत्तीग्रस्तांसाठी स्वतंत्र योजना आखली. कामांची यादी पाहिली तर ही वकिलांची योजना आहे की मदत पथकाची, असा प्रश्न पडावा. दुरावलेल्या कुटुंबीयांची भेट घडवणं, मदतवाटपावर नजर ठेवणं, स्त्रिया आणि मुलांच्या गरजा पाहणं, हरवलेले कागद पुन्हा मिळवून देणं, विमा आणि कर्जाच्या अडचणी सोडवणं, मानसोपचाराची मदत मिळवून देणं हे सगळं तिच्यात आहे.

प्रत्यक्ष काम तीन प्रकारची माणसं करतात. प्राधिकरणाच्या पॅनलवरचे वकील, ज्यांना सरकार बेताचं मानधन देतं. विधी स्वयंसेवक, म्हणजे शिक्षक, अंगणवाडी सेविका, विद्यार्थी यांच्यातून निवडून प्राथमिक प्रशिक्षण दिलेली माणसं. आणि वकील संघटना किंवा विधी महाविद्यालयांतून आपणहून आलेले वकील व विद्यार्थी.

पहिलं काम : कुठला कागद आधी?

सगळं वाहून गेलेल्या माणसाला प्रत्येक कार्यालय दुसरा कागद मागतं. रेशन कार्डाला आधार हवं, बँकेला ओळखपत्र हवं, दाखल्याला रेशन कार्ड हवं. या फेऱ्यातून सुटायला असा कागद आधी काढावा लागतो, ज्यासाठी दुसरा कागद लागत नाही.

अनुभवी स्वयंसेवक म्हणून आधारपासून सुरुवात करतात. कार्ड वाहून गेलं तरी बोटांचे ठसे आणि बुबुळं बरोबर असतात, त्यावरून क्रमांक शोधता येतो. त्यानंतर ज्यांची मूळ नोंद दुसरीकडे सुरक्षित आहे असे कागद. शाळा सोडल्याचा दाखला शाळेच्या जनरल रजिस्टरवरून पुन्हा मिळतो. खरेदीखताची प्रमाणित नक्कल आणि इंडेक्स टू दुय्यम निबंधक कार्यालयातून काढता येतो. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन मिळतो आणि सरकारी कामाला चालतो. डिजिलॉकरमध्ये संबंधित खात्यानेच जारी केलेला कागद असेल तर त्याला मूळ कागदाचाच दर्जा आहे.

इथे कायद्याचं ज्ञान लागतं ते दोन ठिकाणी. एक, नावातला फरक : सातबाऱ्यावर 'दगडू', आधारवर 'दगडूराम', बँकेत फक्त आडनाव. हे तिन्ही एकच, असं प्रतिज्ञापत्र नीट शब्दांत लिहावं लागतं. दोन, पोच. अर्ज दिल्याची तारीख-शिक्क्यासह पोच नसेल तर पुढे 'तुम्ही अर्जच केला नव्हता' या वाक्यापुढे माणूस हतबल होतो. अनेक दाखले महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात, आणि न मिळाल्यास अपील करता येतं. ती मुदत पोच घेतल्या दिवसापासून मोजतात.

माणूस सापडलाच नाही तर?

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. चार दिवसांनी शोधकार्य थांबलं तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते आणि ५७ जणांचा पत्ता लागला नव्हता.

वारसांपुढचा सगळ्यात अवघड प्रश्न इथे उभा राहतो. मृत्यूचा दाखला नाही तर ४ लाखांची मदत नाही, विमा नाही, वारस नोंद नाही. साधारण नियम असा की, एखाद्याची खबर ज्यांना मिळायला हवी होती त्यांना सात वर्षं ती मिळाली नाही, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर येते. जुन्या पुरावा कायद्याचं १०८ वं कलम ते हेच. आजच्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते आहे. परदेशी निघून गेलेल्या माणसासाठी हा नियम ठीक आहे. पण डोळ्यांदेखत डोंगर घरावर आला, तर सात वर्षं थांबायचं कशाला?

म्हणून मोठ्या आपत्तीनंतर सरकार वेगळी पद्धत ठरवतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये उत्तराखंडात चमोलीला महापूर आला, तेव्हाची पद्धत पाहा. आधी बेपत्ता असल्याची पोलिसांत नोंद, मग वारसाचं प्रतिज्ञापत्र, स्थानिक अधिकाऱ्याची चौकशी, मृत्यूचं अनुमान करणारा तात्पुरता आदेश, हरकतींसाठी ३० दिवस आणि हरकत नसेल तर दाखला. २०१३ च्या केदारनाथ प्रलयातही अशीच खास वाट काढावी लागली होती.

वकिलाचा उपयोग इथे पहिल्याच दिवशी असतो. बेपत्ता असल्याची तक्रार लगेच नोंदवून घेणं. तो माणूस त्या वेळी तिथेच होता हे दाखवणारे पुरावे, म्हणजे शेवटचा फोन, शाळेची हजेरी, लॉजचं रजिस्टर, शेजाऱ्यांचे जबाब, वेळेत गोळा करणं. आपत्ती दुसऱ्या राज्यात घडली असेल तर आपल्या जिल्ह्याच्या प्राधिकरणाकडे जावं. तिथून त्या राज्यातल्या प्राधिकरणाशी संपर्क साधता येतो.

जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ साली झालेली दुरुस्तीही उपयोगाची आहे. आपत्ती किंवा साथीच्या काळात दाखले लवकर मिळावेत म्हणून विशेष उपनिबंधक नेमण्याची तरतूद तिने केली. अशी नेमणूक झाली आहे का, हे विचारायला मात्र कुणीतरी हवं.

पासबुकातले वीस रुपये आणि वारसांचा पेच

छावणीतला वकील पासबुक किंवा खात्याचा उतारा मागतो. शिल्लक किती हे त्याला नको असतं. मे-जूनच्या सुमारास २० रुपये वजा झालेत का, हे तो पाहतो. ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेची वार्षिक रक्कम असते. अपघाती मृत्यूला तिच्यात २ लाखांचं संरक्षण आहे, आणि पुरात बुडून किंवा भूकंपात आलेला मृत्यू अपघातातच मोडतो. ४३६ रुपये कापले गेले असतील तर जीवन ज्योती विम्याचे आणखी २ लाख. खातं उघडताना कुठल्या कागदावर सही केली, हे घरच्यांना ठाऊकही नसतं. शेतकरी कुटुंब असेल तर राज्य सरकारच्या गोपीनाथ मुंडे योजनेत अपघाती मृत्यूला २ लाखांचं सानुग्रह अनुदान आहे. प्रत्येक ठिकाणी मुदत वेगळी, आणि सुतकाचे दिवस त्या मुदतीतून वजा होत नाहीत.

पैसे आले की वारसांचा प्रश्न येतो. बँकेत नॉमिनी म्हणून नाव असलं की पैसे आपले, असा सार्वत्रिक समज आहे. बँकेच्या खात्यापुरतं पाहिलं तर नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा असतो. मालकी कायद्याने वारस असलेल्या सगळ्यांची. नॉमिनी दीर आहे आणि मागे विधवा व दोन लहान मुली आहेत, अशा घरात हे वेळेवर सांगितलं नाही तर पुढे वर्षानुवर्षांचं भांडण ठरलेलं. महाराष्ट्रात वारस दाखला अजूनही १८२७ च्या मुंबई विनियमाखाली, कंपनी सरकारच्या काळातल्या कायद्याखाली, दिवाणी न्यायालयातून मिळतो. ठेवी आणि येणी वसूल करायला उत्तराधिकार प्रमाणपत्र लागू शकतं. ते १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचं. सातबाऱ्यावरची वारस नोंद तलाठ्याकडे अर्ज करून होते आणि तिला वकील लागत नाही. कुठे काय लागतं हे सांगून नको ते कोर्टाचे खेटे वाचवणं, हाही सल्लाच.

नकार आला तर

आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ खाली सरकारी यंत्रणेने केलेल्या कृतीविरुद्ध सर्वसाधारण दिवाणी न्यायालयात दाद मागता येत नाही. उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयातच जावं लागतं. तिथवर जाणं सगळ्यांना झेपणारं नाही. म्हणून आधीच्या पायऱ्या महत्त्वाच्या. पहिली : नकार लेखी आणि कारणासह मागणं. 'बसत नाही' हे तोंडी उत्तर कुठेच आव्हान देण्याजोगं नसतं. दुसरी : फेर-पंचनाम्याचा किंवा वरिष्ठांकडे अपिलाचा अर्ज. विमा कंपनीने दावा नाकारला तर कायम लोकअदालत हा मार्ग आहे. विमा सेवा ही विधी सेवा प्राधिकरण कायद्यात सार्वजनिक उपयोगितेची सेवा मानली जाते. तडजोड झाली तर उत्तम, नाही झाली तरी ही अदालत निर्णय देऊ शकते.

आणि कधीकधी एका नकारातून सगळ्यांसाठी दार उघडतं. कोविडच्या काळात गौरव कुमार बन्सल आणि रीपक कन्सल या दोन वकिलांनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केल्या. कोविड ही आपत्ती म्हणून जाहीर झालेली आहे, मग मृतांच्या वारसांना सानुग्रह मदत का नाही, हा त्यांचा प्रश्न होता. ३० जून २०२१ रोजी न्यायालयाने सांगितलं की अशा मदतीची शिफारस करणं राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला बंधनकारक आहे, ते त्याच्या मर्जीवर नाही. त्यातून ५० हजार रुपयांची मदत आली. दाखल्यावर कोविडचा उल्लेख नाही एवढ्याच कारणाने अर्ज फेटाळू नये, असंही न्यायालयाने नंतर बजावलं.

तरीही अर्ज आणि झालेल्या मृत्यूंचा मेळ बसेना, तेव्हा २०२२ च्या सुरुवातीला न्यायालयाने राज्यांना विधी सेवा प्राधिकरणांना या कामात सामील करून घ्यायला सांगितलं. दाखला होता गुजरातचा : २००१ च्या कच्छ भूकंपानंतर भरपाईच्या तक्रारींसाठी तिथल्या उच्च न्यायालयाने विधी सेवा यंत्रणेलाच लोकपालासारखी भूमिका दिली होती.

फुकट वकील आणि टक्क्यांचा वकील

आपत्तीच्या जागी प्रत्येक वकील सेवाभावानेच येतो असं नाही. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळच्या वायुकांडानंतर काही दिवसांतच अमेरिकेतले वकील तिथे उतरले आणि जखमींच्या सह्या-अंगठे वकीलपत्रांवर घेऊ लागले. अमेरिकेत भरपाईतला ठरावीक टक्का ही वकिलाची फी असू शकते. १९८५ मध्ये भारत सरकारने कायदा करून सगळ्या पीडितांच्या वतीने दावा लढवण्याचा हक्क स्वतःकडे घेतला. पण १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली आणि पीडितांना न विचारता ती झाल्याची तक्रार आजवर थांबलेली नाही. वकील फुकट असला, अगदी सरकारच असलं, तरी अशिलाला विचारल्याशिवाय त्याच्या वतीने मिटवायचं नसतं, हा भोपाळचा धडा.

भारतात वकिलाला निकालावर किंवा मिळणाऱ्या रकमेतल्या टक्क्यावर फी ठरवता येत नाही. बार कौन्सिलचे नियम ते मना करतात. जाहिरात करून अशील मिळवणंही मना आहे. त्याच नियमांमध्ये, गरजूला मोफत साहाय्य करणं हे वकिलाचं मोठं कर्तव्य म्हटलं आहे. म्हणून छावणीत कुणी 'चार लाखांतले दहा टक्के द्या, काम करून देतो' म्हणाला तर तो वकील असो वा दलाल, त्याला कागद देऊ नयेत. विधी सेवेचा माणूस ओळखपत्र दाखवतो आणि कोऱ्या कागदावर सही मागत नाही.

थोडक्यात : पहिल्या महिन्यात काय करावं

- पंचनाम्याला हजर राहा; नसाल तर लगेच लेखी अर्ज द्या. साफसफाईआधी फोटो काढा.
- माणूस बेपत्ता असेल तर त्याच दिवशी पोलिसांत तक्रार नोंदवा, प्रत घ्या.
- मृत्यूची नोंद २१ दिवसांत करा. नंतरही होते, पण पायऱ्या वाढतात.
- आधी आधार, मग शाळा, निबंधक कार्यालय, सातबारा या क्रमाने कागद काढा.
- पासबुकात विम्याची कपात शोधा. दाव्याची मुदत बँकेत विचारा.
- पीककर्ज असेल तर बँकेत पुनर्गठनाचा अर्ज द्या. त्याने हप्त्यांना मुदत मिळते, व्याज माफ होत नाही.
- प्रत्येक अर्जाची पोच आणि प्रत्येक नकाराचं लेखी कारण मागा.
- खोटा दावा करू नका. आपत्ती व्यवस्थापन कायद्याने त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे.
- मदत क्रमांक १५१००, किंवा तालुक्याच्या कोर्टातली विधी सेवा समिती.

छावणी उठल्यावर

या व्यवस्थेची कच्ची बाजूही सांगायला हवी. स्वयंसेवक येतात पहिल्या पंधरवड्यात, कॅमेरे असतात तेव्हा. त्या वेळी लोकांना कोरडी जागा आणि दोन घास हवे असतात. कागदांचे प्रश्न उभे राहतात तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, याद्या लागल्यावर. तेव्हा छावणी उठलेली असते आणि वकील आपल्या कोर्टात परतलेला असतो. पुनर्वसनाच्या घराचं वाटप, त्यावर विधवेचं नाव, अज्ञान मुलांच्या नावची ठेव ही कामं तर वर्ष-दोन वर्षांनी येतात.

म्हणून एका मोठ्या शिबिरापेक्षा, एकच वकील महिन्यातून एकदा ठरल्या दिवशी त्याच गावात येत राहणं जास्त उपयोगी पडतं. प्रत्येक कुटुंबाचा एक तक्ता ठेवायचा : कुठला अर्ज, कुठल्या तारखेला, कुठे अडला. हे तक्ते एकत्र वाचले की एकाच कारणाने चाळीस घरं अडलेली दिसतात, आणि चाळीस अर्जांऐवजी जिल्हाधिकाऱ्यांकडे एका निवेदनात काम होऊ शकतं.

आणि बरंचसं काम पावसाआधीच होण्यासारखं आहे. वारस नोंदी लावून घेणं, नावातले फरक दुरुस्त करणं, नॉमिनी नीट भरणं, घराच्या नोंदीत पत्नीचं नाव घालणं याला आपत्तीची वाट पाहावी लागत नाही. दरड आणि पुराच्या पट्ट्यातल्या ग्रामपंचायतींनी मे महिन्याच्या ग्रामसभेला तालुका विधी सेवा समितीचा वकील एक दिवस मागावा. तशी मागणी त्यांना करता येते, आणि त्या दिवसाचा खर्चही गावावर पडत नाही.